हॉर्न वाजत नाही? स्टीअरिंग उघडायच्या आधी रिलेचा आवाज ऐका

कोरेगावच्या एका दादांनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. दहा-अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, भर पावसात कासला जाऊन आले, येताना यवतेश्वरच्या घाटात हॉर्नचा आवाज बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम बंदच. फ्यूज काढून बघितला तर चांगला दिसला. गॅरेजमध्ये सांगितलं की स्टीअरिंगमधली स्पायरल केबल (स्टीअरिंग फिरलं तरी बटणांची आणि एअरबॅगची जोडणी तुटू नये म्हणून आत गुंडाळलेली पातळ पट्टी) गेली, बदलावी लागेल, खर्च आठ-नऊ हजाराच्या घरात. एअरबॅगचा दिवा लागलेला नाही, स्टीअरिंगवरची गाण्याचा आवाज कमी-जास्त करायची बटणं पण चालतात. तर पैसे घालू का नको?

दादा, आत्ता लगेच घालू नका. मी सांगलीत गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला एवढंच दिसतंय की बिघाड कुठल्या बाजूला आहे हे अजून कुणी तपासलेलंच नाही आणि पार्टचं नाव मात्र आधीच ठरलंय. स्पायरल केबल गेलेली असूच शकत नाही असं मी म्हणत नाही, जाते ती, पण तुमची लक्षणं बघता माझा संशय गाडीच्या पुढच्या बाजूला, बंपरमागं जास्त आहे. का ते सांगतो, आणि घरीच दहा मिनिटांत कसं बघायचं ते पण सांगतो.

आधी हॉर्नला करंट कसा जातो ते समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. बहुतेक गाड्यांत दोन वेगळे रस्ते असतात. एक छोट्या करंटचा, बॅटरीकडून फ्यूजमधून रिलेच्या (रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कॉइलला, तिथून वायर स्टीअरिंगच्या स्पायरल केबलमधून हॉर्नच्या बटणापर्यंत, आणि बटण दाबलं की ती वायर अर्थ होते, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली जाते. बास, बटणाचं काम एवढंच. दुसरा रस्ता मोठ्या करंटचा, रिलेच्या आतले पॉइंट चिकटले की फ्यूजमधून आलेला करंट रिलेतून पुढं हॉर्नला जातो आणि हॉर्नमधून बॉडीला अर्थ होऊन परत बॅटरीकडं. एक हॉर्न साधारण चार-पाच अँपिअर ओढतो. एवढा करंट स्टीअरिंगमधल्या पातळ पट्टीतून जाऊ नये म्हणून तर मध्ये रिले बसवलेला असतो.

आता ठिबकच्या लाईनला शेवटपर्यंत पाणी येत नसेल तर आपण विहिरीपासून सगळी पाईप उकरत बसत नाही, मधला व्हॉल्व्ह खोलतो, तिथं पाणी असेल तर बिघाड पुढं, नसेल तर मागं. इथं तो मधला व्हॉल्व्ह म्हणजे रिले.

बोनेट उघडा, फ्यूजबॉक्सचं झाकण काढा, झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला रिले कशाचा ते छापलेलं असतं. हॉर्नच्या रिलेवर बोट ठेवा, घरातल्या कुणाला तरी आत बसवून चावी ऑन करून हॉर्न दाबायला सांगा. इंजिन बंदच पाहिजे, नाहीतर काही ऐकू येणार नाही. दाबताना बोटाला टक् असं जाणवलं आणि सोडताना परत टक् झालं, तर बटण चांगलं, स्पायरल केबल चांगली, रिलेची कॉइल चांगली. तिथंच स्टीअरिंगचा विषय संपला आणि तुमचे आठ-नऊ हजार वाचले. टक् आलाच नाही तर बिघाड रिलेच्या कॉइलकडं, फ्यूजकडं किंवा स्टीअरिंगकडं, आणि मग गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता वाढते.

इथं गाडी-गाडीवर अवलंबून आहे हे पण सांगतो. काही गाड्यांत हॉर्नचा रिले बोनेटखाली नसून डॅशबोर्डखालच्या बॉक्समध्ये असतो, काहींत तो बोर्डवरच सोल्डर केलेला असतो, काढता येत नाही, फक्त आवाज ऐकता येतो. नव्या गाड्यांत बटणाचा सिग्नल आधी बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला) जातो आणि रिले तो मॉड्यूल चालवतो. आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत रिलेच नाही, हॉर्नचा सगळा करंट बटणातूनच जातो, तिथं ही टेस्ट लागू होत नाही, थेट हॉर्नपासून सुरुवात करायची. तुमच्या वयाच्या हॅचबॅकमध्ये बहुतेक वेगळा रिले असतोच.

माझा संशय पुढं का, तर तुम्ही लिहिलेली एक गोष्ट, आधी आवाज बसला आणि मग बंद झाला. बटणाच्या रस्त्यात बिघाड असेल तर रिले एकतर लागतो किंवा लागत नाही, त्यामुळं हॉर्न पूर्ण वाजतो किंवा अजिबात वाजत नाही, कधी वाजतो कधी नाही असं होतं, पण घोगरा सहसा होत नाही. घोगरा, दबका, चिरका आवाज येतो तेव्हा हॉर्नला करंट पोचतोय पण पुरा पोचत नाही, किंवा हॉर्नच्या आतच पाणी-गंज आहे. बॅटरी उतरलेली असली तरी आवाज बसतो, पण मग सेल्फ मारतानाच कळलं असतं. त्यात घाटातला पाऊस, समोरच्या गाडीच्या चाकाचं पाणी थेट ग्रिलमधून आत येतं आणि हॉर्न तर तिथंच बसवलेला असतो. एअरबॅगचा दिवा नाही आणि स्टीअरिंगची बटणं चालतात ही दुसरी खूण, कारण तो सगळा माल त्याच स्पायरल केबलमधून येतो. ही खूण पक्की मात्र नाही, त्या केबलमध्ये प्रत्येकाची पट्टी वेगळी असते आणि एकटी हॉर्नची पट्टी तुटलेल्या केबली मी बघितल्यात, म्हणून टक् ऐकायचाच.

फ्यूजचं पण एक सांगतो. काढून डोळ्यांनी बघितला आणि चांगला दिसला एवढ्यावर जाऊ नका. पाय काळे पडलेले असतात, नाहीतर आतली तार केसाएवढी तडकलेली असते. आणि चुकीचाच फ्यूज बघितला हे तर फार वेळा होतं, काही गाड्यांत हॉर्न आणि हझार्ड लाईट एकाच फ्यूजवर असतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. टेस्ट लॅम्पची (एका बाजूला क्लिप, दुसऱ्या बाजूला टोक आणि मध्ये बल्ब असलेलं तपासायचं साधन) क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि फ्यूज जागेवर ठेवूनच टोक आधी एका ठिपक्यावर, मग दुसऱ्यावर टेकवा. दोन्हीवर दिवा लागला पाहिजे. एकावर लागला तर फ्यूज गेला, एकावरही नाही तर मागून सप्लायच नाही (काही फ्यूजना चावी ऑन केल्यावरच करंट येतो, तेवढं बघा).

आता धरून चालू की टक् आला. मग थेट हॉर्नपाशी जायचं, कारण तिथलं सगळं उघड्यावर असतं. काही गाड्यांत ग्रिलमधून हात जातो, काहींत बंपर ढिला करावा लागतो. हॉर्न किती आहेत ते पण बघा. दोन असतील तर त्यातला एक बंद पडला की आवाज नुसता पातळ होतो आणि लोकांच्या लक्षातच येत नाही, वर्षभर एका हॉर्नवर गाडी फिरते आणि दुसरा गेला की मग एकदम बंद पडला असं वाटतं. दोन्ही खरोखर एकाच क्षणी गेले असतील तर मात्र हॉर्न बाजूला ठेवून दोघांना कॉमन असलेल्या वायरवर आणि अर्थवर संशय घ्या.

सगळ्यात पहिली टेस्ट अर्थची. एक चांगली जाड वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं हॉर्नच्या अर्थच्या पिनला, एकच पिन असेल तर हॉर्नच्या लोखंडी पट्टीला, रंग खरवडून घट्ट धरा. आत हॉर्न दाबायला सांगा. वाजला? मग हॉर्न चांगला, वायर चांगली, फक्त अर्थ गेलाय. पट्टीचा बोल्ट खोला, खाली गंजाचा थर दिसेल, पॉलिश पेपरनं पट्टी आणि बॉडी दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, नवीन वॉशर-बोल्ट टाका आणि वरून थोडं ग्रीस. पावसाळ्यात बसलेल्या आवाजाच्या ज्या गाड्या माझ्याकडं येतात त्यातल्या बऱ्याच एवढ्यावरच परत जातात.

नाही वाजला तर हॉर्नचा कपलर (वायरीचा प्लग) काढा आणि आत बघा. टोकावर हिरवट पावडर धरलेली दिसली तर तिथंच अर्धं उत्तर मिळालं. टेस्ट लॅम्पची क्लिप निगेटिव्हला ठेवून टोक कपलरच्या पॉझिटिव्हमध्ये लावा, हॉर्न दाबल्यावर दिवा लागला पाहिजे. नुसत्या मल्टीमीटरवर इथं विसंबू नका. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर काहीच करंट ओढत नाही, आणि माणूस म्हणतो सप्लाय बरोबर आहे, हॉर्नच खराब. लोड दिला की खरं कळतं, म्हणून बल्बवाला टेस्ट लॅम्प. पण तोच टेस्ट लॅम्प स्टीअरिंगच्या किंवा मॉड्यूलच्या वायरींना लावायचा नाही, तिथं मीटरच. आणि मीटरनंच मोजायचं असेल तर हॉर्न जोडलेला ठेवून, बटण दाबून मोजा, बॅटरीचं निगेटिव्ह आणि हॉर्नची पट्टी यांच्यात पाव व्होल्टपेक्षा कमी आलं तर अर्थ ठीक, दोन-तीन व्होल्ट दिसले तर अर्थमध्येच खाल्लं जातंय.

दिवा लागतोय पण हॉर्न मुका, तर हॉर्न खोलून बॅटरीला डायरेक्ट लावून बघा, मध्ये पंधरा अँपिअरचा फ्यूज टाकून, नुसत्या उघड्या वायरीनं ठिणग्या पाडू नका. मुकाच राहिला तर करंट चालू असताना स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं त्याच्या पाठीवर हलकं ठोका. ठोकल्यावर वाजला तर आतला पॉइंट चिकटलाय. हॉर्नच्या आत कॉइल पत्र्याचा पडदा ओढते, ओढला की पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत येतो, पॉइंट परत जुळतो, हे सेकंदाला चारशेच्या आसपास वेळा चालतं तेव्हा तो आवाज तयार होतो. त्या पॉइंटवर पाण्यानं गंज धरला की आधी आवाज घोगरा, मग बंद, अगदी तुमचं झालंय तसं. मागं एक छोटा स्क्रू असतो, बऱ्याचदा त्यावर लाखेचा ठिपका असतो, तो अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षा कमी, फिरवून बघता येतो, पण जास्त पिळलात तर हॉर्न भलताच करंट ओढतो आणि पॉइंट जळतात. ठोकून किंवा स्क्रूनं चालू झालेला हॉर्न मी गिऱ्हाइकाला तसाच देत नाही, पुढच्या पावसात तो परत बसणार. चांगल्या कंपनीचा नवा हॉर्न टाका, स्पायरल केबलच्या मानानं किंमत काहीच नाही. आणि बसवताना तोंड खाली येईल असं बसवा, शंखासारख्या आकाराचा असेल तर हे फारच महत्त्वाचं, तोंड वर राहिलं की त्यात पाणी साठतं.

दिवा लागलाच नाही तर रिले ते हॉर्न या वायरमध्ये तुटलंय, किंवा रिले टक् करतोय पण आतले पॉइंट जळलेत. शेजारी त्याच नंबरचा, तेवढ्याच पायांचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा, मिनिटाचं काम. त्यानं फरक पडला नाही तर वायर शोधायची. आमच्याकडं यात दोन गोष्टी कायम सापडतात. एक उंदीर, ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर वस्तीकडं येतात आणि गाडी रात्री शेताकडेला लावलेली असली की बोनेटमधल्या उबेला बसतात, वायरी कुरतडतात. दुसरं म्हणजे पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत ज्या गाड्या पाण्यात होत्या त्यांची वायर वरून अगदी नवी दिसायची, पण कपलरजवळ इन्सुलेशन सोललं की आतलं तांबं काळं पडलेलं, बोटानं चोळलं की भुकटी व्हायची. पाणी वायरच्या आतून वर चढत जातं. अशी वायर नुसती टोकाला जोडून उपयोग नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागं कापत जायचं आणि तेवढा तुकडा नवा टाकायचा. जोड सोल्डर करून वर उष्णतेनं आवळणारी स्लीव्ह चढवा, बंपरच्या भागात नुसती काळी टेप नको, उन्हानं तिचा गोंद सुटतो आणि आत पाणी धरून ठेवते. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आधी ती कुठं होती माहीत नसेल तर हे नक्की बघा.

आता टक् आलाच नाही तर. फ्यूज वरच्या पद्धतीनं तपासला, रिले बदलून बघितला, तरीही नाही. रिले काढा, त्याच्या अंगावर आकृती आणि नंबर असतात, ३० म्हणजे येणारा करंट, ८७ म्हणजे हॉर्नकडं जाणारा, ८५ आणि ८६ कॉइलचे. सॉकेटमध्ये ३० ला आणि कॉइलच्या एका भोकात करंट आला पाहिजे. कॉइलचं जे दुसरं भोक ते बटणाकडं जातं. मीटर बीपवर लावा (वायर सलग जोडलेली असली की मीटर वाजतो), एक टोक त्या भोकात, दुसरं बॅटरी निगेटिव्हला, आणि हॉर्न दाबायला सांगा. बीप आला तर स्टीअरिंग चांगलं. नाही आला तर स्टीअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत बटण दाबून ठेवा, कुठल्यातरी ठरावीक जागी बीप येतो-जातो असं झालं तर पट्टी तुटलीय. मॉड्यूलवाल्या गाडीत मात्र ही बीपची टेस्ट चालत नाही, तिथं स्कॅनर लावून बटणाचा सिग्नल मॉड्यूलला पोचतोय का ते बघावं लागतं. नंबर नीट कळत नसतील तर सॉकेटमध्ये अंदाजानं वायर घालून काही जोडू नका, शेजारचा महागडा मॉड्यूल जातो. हे काम मग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

स्टीअरिंगचं पॅड घरी उघडायचं नाही, हे मी कळकळीनं सांगतो. त्यामागं एअरबॅग आहे, आणि ती छातीपासून हातभर अंतरावर फुटते. आमच्यासारखे लोक पण बॅटरीचं निगेटिव्ह काढून दहा-पंधरा मिनिटं थांबतात, मगच हात लावतात, कारण एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये करंट साठून राहतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या वायरींना मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीच लावायचा नाही. आणि पॅड उघडल्यावर सुद्धा केबल बदलायच्या आधी बटणाचे कॉन्टॅक्ट आणि हॉर्नची एकटी वायर बघायला सांगा, आधी कुणी स्टीअरिंग काढलं असेल तर ती वायर निसटलेली सापडते. नवीन केबल बसवताना चाकं सरळ आणि केबल मधोमध, म्हणजे दोन्हीकडं सारखे फेरे शिल्लक, हे केलं नाही तर पहिल्याच पूर्ण यू-टर्नला नवीन केबल तुटते. तुमच्या गाडीचं अलीकडं स्टीअरिंगचं काम झालं होतं का? झालं असेल तर माझा अंदाज थोडा बदलेल, ते कळवा.

थोडक्यात क्रम असा ठेवा, फ्यूज जागेवरच टेस्ट लॅम्पनं, मग रिलेचा टक्, टक् आला तर बंपरमागं जाऊन आधी अर्थ मग कपलर मग हॉर्न, आणि टक् नसेल तरच स्टीअरिंगकडं.

गॅरेजवाल्यांशी भांडायची गरज नाही. सरळ सांगा, हॉर्न दाबल्यावर रिले लागतोय का ते मला दाखवा, आणि लागत नसेल तर मीटरवर बीप येत नाही ते दाखवा. चांगला कारागीर हे आनंदानं दाखवतो. दाखवलं आणि खरंच बीप येत नसेल तर बिनधास्त केबल बदला, मग तो खर्च योग्य आहे.

एक गोष्ट मात्र करू नका, हॉर्न बदलतोच आहोत तर मोठा जोडी हॉर्न टाकून द्या असं कुणी म्हणेल आणि तो जुन्याच वायरला जोडून देईल. फ्यूज उडायला लागतो, मग कुणीतरी पंधराच्या निळ्या फ्यूजच्या जागी तीसचा हिरवा टाकतो, आणि मग फ्यूजच्या ऐवजी वायर जळते. जोडी हॉर्न पाहिजेच असेल तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, त्यात वीसचा फ्यूज, वेगळा रिले, आणि जुन्या हॉर्नच्या वायरनं फक्त तो रिले चालवायचा. वेगवेगळ्या सुरांचे म्युझिकल हॉर्न तर टाकूच नका, केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ११९ प्रमाणे त्यांना बंदी आहे, आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवल्याचा दंड सुद्धा पहिल्या वेळी १००० आणि नंतर २००० रुपये आहे.

दुरुस्ती होईपर्यंत यवतेश्वर, खंबाटकी असल्या घाटात गाडी नेऊ नका, वळणावर समोरच्याला तुम्ही दिसायच्या आधी ऐकू जायला पाहिजे. रात्री तर ऊसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर अजिबात नको, दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याला आरशात काही दिसत नाही.

उद्या सकाळी बोनेट उघडून एवढं बघा, रिले टक् करतोय का, आणि बॅटरी निगेटिव्हची वायर हॉर्नच्या पट्टीला धरल्यावर आवाज येतोय का. या दोन्हीचं काय झालं ते लिहा, शक्य असेल तर कपलरच्या आतला फोटो टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.